आरोग्याची वही : हाड परत मिळते, मूळ मिळत नाही



दिवाळीला वहीपूजन झाले की भाईंदरच्या बाजारपेठेत लग्नसराईची लगबग सुरू होते. गेल्या वर्षी अशाच कार्तिकातल्या एका सकाळी, भाईंदर पूर्वेस स्टीलच्या भांड्यांचा व्यवसाय असलेल्या एका परिचित कुटुंबातील भाभी आपल्या कन्येला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. कन्येचे वय तेवीस. वरचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले आणि किंचित बाहेर आलेले. विवाह वैशाखात ठरलेला.

“डॉक्टरसाहेब, तारा लावून वैशाखापर्यंत दात सरळ झाले पाहिजेत.”

“भाभी, एवढी गर्दी सोडवायला दीड-दोन वर्षे लागतात.”

“मग तार जरा जास्त ताणून लावा ना! पैशाचा प्रश्न नाही.”

भाभींच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, आईची तळमळ होती. शिवाय त्यांचा तर्क व्यवहारी माणसाला पटेल असाच होता. कारखान्यात ऑर्डर घाईची असेल तर एक पाळी वाढवता येते. मग दातांच्या बाबतीत जोर वाढवून काळ कमी का करता येऊ नये? हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर दातात नाही, दाताभोवतीच्या हाडात आणि हाडात दडलेल्या मुळात आहे. म्हणून या अंकात त्याची सविस्तर चर्चा करीत आहे.

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात जबड्यात रोवलेला असतो, असा आपला समज असतो. वस्तुतः दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. त्याची जाडी सरासरी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतकी, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी. दात या तंतूंवर झोळीत ठेवल्यासारखा तोललेला असतो. या पडद्यात रक्तवाहिन्या असतात, संवेदना असतात आणि हाड घडवणाऱ्या व मोडणाऱ्या पेशीही असतात. दात सरकण्याची सारी क्रिया या पोस्टकार्डाएवढ्या जागेत घडते.

ताराचा हलका दाब दातावर सतत पडू लागला की ज्या दिशेला दात ढकलला जातो, तिकडचा पडदा दबतो आणि मागच्या बाजूचा ताणला जातो. दबलेल्या बाजूस काही दिवसांत अस्थिभक्षी पेशी गोळा होतात व हाडाचा पातळ थर विरघळवून दाताला वाट करून देतात. ताणलेल्या बाजूस अस्थिजनक पेशी नवे हाड रचू लागतात. पुढे वाट मोकळी होते, मागे भर पडते, आणि दात आपल्या पडद्यासह, आपल्या खोबणीसह पुढे सरकतो. म्हणजे हाडातून दात ओढला जात नाही, हाडच दाताभोवती नव्याने घडत जाते. भार पडेल तसे हाड आपली रचना बदलते, हा सिद्धान्त जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. दातांच्या बाबतीत दाब आणि ताण यांचा हा खेळ स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४-०५ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिला. त्यांचे निरीक्षण कुत्र्यांवरील प्रयोगांतून आले होते. हे लिहिताना मनाला बोचते, तरी इतिहास जसा आहे तसाच सांगितला पाहिजे.

आता भाभींच्या प्रश्नाकडे वळू. आपण व्यापारी माणसे, वजनमापाची भाषा आपल्याला लवकर समजते. दात नुसता कलवायचा असेल तर ३५ ते ६० ग्रॅम बळ पुरते. मुळासकट उभाच्या उभा सरकवायचा असेल तर ७० ते १२० ग्रॅम. आणि लांब दिसणारा दात हिरडीच्या दिशेने आत दाबायचा असेल तर केवळ १० ते २० ग्रॅम, म्हणजे एक-दीड तोळ्याचा भार! शरीराचा सर्वांत कठीण भाग सरकवायला सोनाराच्या तराजूतले वजन पुरते, याचे नवल वाटते. या उपचारात बळाहून सातत्य मोठे असते, आणि काम पेशी करतात. आपण त्यांना फक्त इशारा देतो.

इशाऱ्याच्या जागी धक्का दिला तर काय होते? १९३२ मध्ये श्वार्ट्झ या संशोधकाने सांगितले की, हा दाब पडद्यातील केशवाहिन्यांमधील रक्तदाबापेक्षा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २० ते २६ ग्रॅमपेक्षा, जास्त असू नये. त्याहून अधिक दाब दिला की सूक्ष्म रक्तवाहिन्या चिरडल्या जातात, रक्तपुरवठा थांबतो आणि तेवढा पडदा निर्जीव होतो. तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी पोहोचूच शकत नाहीत. दात पुढे न जाता दोन-तीन आठवडे जागीच अडून राहतो. मग शरीर आजूबाजूच्या निरोगी हाडातून, मागच्या बाजूने पोखरत येते आणि निर्जीव भाग हटवते, तेव्हा कुठे दात हलतो. म्हणजे जोर दुप्पट केला तर वेग दुप्पट होत नाही. वेदना मात्र वाढते, काम खोळंबते, आणि खरी तूट त्यानंतर सुरू होते.

ही तूट मुळाची असते. मुळावर सिमेंटम नावाचे पातळ आवरण असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि त्यावर रक्षक पेशींचा थर असतो, म्हणून अस्थिभक्षी पेशी एरवी हाड खातात, मुळाला स्पर्श करीत नाहीत. निसर्गाने केलेल्या या भेदावरच आमचे सारे शास्त्र उभे आहे. हाड आणि मूळ सारख्याच सहजतेने विरघळले असते, तर दात सरळ करणे अशक्यच झाले असते. परंतु निर्जीव झालेला पडदा साफ करताना हा रक्षक थरही खरवडला जातो आणि मुळावर सूक्ष्म खड्डे पडतात. दाब थांबला की यांतले बरेचसे खड्डे नव्या सिमेंटमने भरून निघतात. पण मुळाच्या टोकाशी हे खड्डे एकमेकांना भिडले आणि टोकाचा तुकडा सुटा झाला, तर तो कायमचा जातो. मूळ आखूड होते व पुन्हा वाढत नाही.

वहीच्या भाषेत सांगायचे तर जबड्याचे हाड म्हणजे खेळते भांडवल. एका खात्यातून नावे पडते, दुसऱ्यात जमा होते, वर्षअखेरीस बेरीज जुळते. मूळ मात्र मुद्दल आहे. त्यातून काढलेली रक्कम परत भरता येत नाही.

हे वाचून कोणी भयभीत होऊ नये. क्ष-किरण चित्रांच्या आधारे ही बाब अमेरिकेतील अल्बर्ट केचम यांनी १९२७ मध्ये ठळकपणे मांडली, तेव्हापासून तिचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. दात सरळ करून घेणाऱ्या बहुतेकांच्या मुळांची लांबी थोडी घटतेच, पण ती सामान्यतः एक-दोन मिलिमीटरच्या आत असते. वरच्या पटाशीच्या दाताचे मूळ सुमारे १३ मिलिमीटर लांब असते. त्यातली एवढी घट आयुष्यभर जाणवतही नाही. मुळाचा तिसरा हिस्सा किंवा चार मिलिमीटरहून अधिक भाग जाण्याचे प्रकार शंभरांत एक ते पाच जणांत आढळतात. तसे मूळ आखूड झालेले दातही हिरड्या निरोगी असल्यास वर्षानुवर्षे टिकतात. आणखी दिलासा असा की, बळ काढून घेतले की ही झीज थांबते.

कोणाला धोका अधिक? ज्यांची मुळे जन्मतः आखूड, टोकदार किंवा वाकडी आहेत, ज्यांच्या दातांना पूर्वी मार लागला आहे, ज्यांच्या कुटुंबात आधी कोणाची मुळे झिजली आहेत, ज्यांचे दात लांब अंतर सरकवायचे किंवा आत दाबायचे आहेत, आणि ज्यांचा उपचार फार लांबतो, अशांना. यातील शेवटचे कारण आपल्या हातात असते. म्हणून एक उदाहरण सांगतो.

काही वर्षांपूर्वी तिशीचा एक तरुण व्यापारी माझ्याकडे हिरडी सुजली म्हणून आला. दातांना तारा होत्या. किती दिवस झाले विचारता म्हणाला, “चार वर्षे होऊन गेली, साहेब.” आरंभी दुसऱ्या गावी एका ठिकाणी तारा लावल्या. दुकान मीरा रोडला आले तेव्हा दुसरीकडे जाऊ लागला. दिवाळीचा सीझन, मग लग्नसराई, मग जीएसटीची विवरणपत्रे, अशा कारणांनी तपासण्या चुकत गेल्या. सुपारीने ब्रॅकेट वारंवार निघत होते. दात कधी पुढे सरकत, कधी माघारी येत. या काळात एकदाही मुळांचे क्ष-किरण चित्र काढलेले नव्हते. आम्ही काढले तेव्हा वरच्या चारही पटाशीच्या दातांची मुळे जवळपास निम्मी झालेली दिसली. तज्ज्ञांनी त्याच आठवड्यात बळ काढून घेतले आणि आहे त्या स्थितीत उपचार संपवला. दात आजही तोंडात आहेत. पण त्याने विचारलेला प्रश्न मी विसरलो नाही : “हे मला आधी कोणी सांगितले का नाही?” ज्यांनी तारा लावल्या त्यांनी ते सांगायला हवे होते. आज हे सदर लिहिण्यामागे तोच प्रश्न आहे.

तेव्हा वाचकांनी काय करावे?

उपचार आरंभण्यापूर्वी मुळांचे व हाडाचे क्ष-किरण चित्र काढले आहे ना, हे पाहावे आणि ते स्वतः डॉक्टरांकडून समजून घ्यावे. साधारण सहा ते बारा महिन्यांनी पुढच्या दातांचे चित्र पुन्हा काढण्याविषयी विचारावे. झीज दिसलीच तर दोन-तीन महिने बळ थांबवून मुळाला सावरू देतात. अशी विश्रांती सुचवली गेली तर ती वेळ काढण्याची युक्ती समजू नये. दंतव्यंगोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण बीडीएसनंतर तीन वर्षांचे असते. आपले डॉक्टर त्या विषयाचे एमडीएस आहेत काय, हे विचारण्यात संकोच नको. ज्यांना खर्चाची चिंता आहे त्यांच्यासाठी मुंबई सेंट्रलजवळचे महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय दंत महाविद्यालय येथे या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत. भाईंदरहून लोकलने दोन्हीकडे जाता येते.

हिरड्यांकडे दुर्लक्ष करू नये. मुळाच्या टोकाशी गेलेले तीन मिलिमीटर जेवढा आधार कमी करतात, जवळपास तेवढा आधार हिरडीजवळचे एक मिलिमीटर हाड गेल्याने कमी होतो. पायरिया असताना दात सरकवले तर हाड पुन्हा भरत नाही, उलट वेगाने खचते. म्हणून मोठ्या वयात आधी हिरड्यांचा उपचार व मधुमेहावर नियंत्रण, मग तारा. वय स्वतः आड येत नाही. पन्नाशीतही दात सरकतात, कारण हाडाच्या पेशी आयुष्यभर काम करीत असतात. मात्र हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट वर्गातील गोळ्या वा इंजेक्शने चालू असतील तर अवश्य सांगावे, कारण त्यांनी अस्थिभक्षी पेशींचे काम मंदावते. तार बदलल्यावर दोन-चार दिवस दात ठणकतात, तेव्हा घरातली कोणतीही वेदनाशामक गोळी रोज घेऊ नये. काही गोळ्या हाडाची हालचालच मंद करतात. बहुधा पॅरासिटामॉल सुचवतात, पण तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

आपल्या घरांतील आहारनियमांविषयीही दोन शब्द. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच्या भोजनानंतर घाईने न उठता दहा मिनिटे राखून, तारांभोवती नीट ब्रश करूनच पाणी सोडावे. रात्रभर अडकलेला कण हिरडीला सूज आणतो. पारदर्शक अलायनर वापरणाऱ्यांना चौविहाराचा लाभही आहे. ते दिवसातून २० ते २२ तास दातांवर हवेत, आणि रात्री खाणे नसल्याने हा हिशोब सहज जुळतो. अठ्ठाई किंवा आयंबिलाची ओळी करणार असाल तर तारीख आधी सांगावी, म्हणजे नवी तार त्याच्या आधी वा नंतर बसवता येते. कडक खाखरा, चिक्की, सुपारी यांनी ब्रॅकेट निघते आणि निघालेले प्रत्येक ब्रॅकेट उपचार लांबवते. खाखरा सोडण्याची गरज नाही, तो दाढेने तुकडा करून, मऊ करून खावा. नकली दागिन्यांनी कातडीला खाज येत असेल तर तेही सांगावे, कारण अनेक तारांत निकेल असते.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. दुकानात पॅकिंगसाठी असणारे रबरबँड पुढच्या दोन दातांना गुंडाळून फट मिटवण्याचा प्रयोग काही मुले मोबाईलवर पाहून करतात. दाताचे मूळ टोकाकडे निमुळते असते. रबर हळूहळू वर सरकून हिरडीत शिरते, दिसेनासे होते आणि मुळाभोवतीचे हाड कापत जाते. अशाने धडधाकट दात गमावल्याची उदाहरणे दंतशास्त्रात नोंदलेली आहेत.

पालकांनी मुलांची पहिली तपासणी साताव्या वर्षाच्या सुमारास करून घ्यावी. तारा लगेच लावायच्या नसतात. पण हिरडीत अडकलेला सुळा शेजारच्या दाताचे मूळ तारांशिवायही खाऊ शकतो, आणि नऊ-दहाव्या वर्षी ते लक्षात आले तर बरेचदा सोप्या उपायाने टळते.

आणि तारा निघाल्या म्हणजे काम संपले असेही नाही. हाड व पडदा स्थिरावायला तीन-चार महिने लागतात, हिरडीतील ताणलेले तंतू मात्र वर्षभर दाताला जुन्या जागी खेचत असतात. म्हणून रिटेनर सांगितला असेल तितका काळ घालावाच. तो न घातल्याने दात पुन्हा वाकडे झाले, तर पुन्हा बळ लावावे लागते आणि मुळांवर दुसऱ्यांदा भार पडतो.

आता त्या कन्येचे काय झाले, ते सांगतो. क्ष-किरण चित्रात तिच्या वरच्या पटाशीच्या दातांची मुळे टोकदार निघाली. लहानपणी शाळेच्या जिन्यावर पडल्याचेही तिला आठवले. मी तिला दंतव्यंगोपचार तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी तीन मार्ग समोर ठेवले : विवाहानंतर उपचार आरंभणे, आताच हलक्या बळाने आरंभून तारांसह विवाह करणे, किंवा निरोगी दात कापून त्यांवर कृत्रिम आवरणे बसवणे. तिसऱ्या मार्गाने वैशाख साधला असता, पण कापलेला दात पुन्हा उगवत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. भाभी गप्प राहिल्या. कन्या म्हणाली, “मम्मी, लग्नाचा दिवस एक आहे. दात मला साठ वर्षे वापरायचे आहेत.”

दातांच्या रंगाचे ब्रॅकेट बसवले गेले. दर महिन्याला सुमारे एक मिलिमीटर, या हाडाच्या नैसर्गिक गतीने काम चालले. वैशाखात ती त्या तारांसह बोहल्यावर उभी राहिली. सासर बोरिवलीला असल्याने तज्ज्ञ बदलावे लागले नाहीत. परगावी सासर असेल तर उपचाराची सर्व चित्रे व नोंदी सोबत द्याव्यात, हेही इथे सुचवून ठेवतो.

ज्येष्ठात मुळांचे चित्र पुन्हा काढले, तेव्हा भाभीही सोबत आल्या होत्या. चित्र उजेडासमोर धरून मी सांगण्यापूर्वीच त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, अजून किती महिने ते राहू द्या. मुळे शाबूत आहेत ना?”

मुळे शाबूत होती.